कुंकू लागलेले दगड आणि आमचा डोंगा

नाटकात मी खलनायक. दिवाळीपासून होळीपर्यंत आमच्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत गावोगावी पोरी पळवतो, जमिनी बळकावतो आणि पोटभर शिव्या खाऊन समाधानाने घरी येतो. उरलेलं वर्ष रिकामं. अशाच रिकाम्या उन्हाळ्यात भाचीच्या लग्नाला कोकणात गेलो आणि तिथल्या खाडीत एक अजब प्रकार पाहिला. गावातले मास्तर, मच्छीवाल्या, पोस्टातला माणूस, सगळे एका लांब होडीत बसून समुद्राकडे वल्हवत निघाले होते. मासे धरायला नाही की माल न्यायला नाही, नुसतं वल्हवायला. त्यांचा क्लब होता म्हणे. मी किनाऱ्यावर उभा राहून एकट्याने टाळ्या वाजवल्या.

परत आल्यावर बसस्टॉपवरच्या चहाच्या टपरीवर घोषणा केली, की आपणही क्लब काढतो आहोत.

"समुद्र कुठी हाय भाऊ आपल्याइथी?" चहावाल्याने विचारलं.

"वैनगंगा आहे नं."

"तिले तं पूल झाल्यापासून कोणी पाहून नाई राह्यलं."

ते खरं होतं. पूल झाला आणि घाट ओस पडला. आमच्या पोरांना नदी म्हणजे मोटरसायकलवरून डाव्या हाताला दिसते ती. तरी चहावाला तयार झाला, अंगणवाडीच्या ताई तयार झाल्या, शाळेचे गुरुजी पोहता येत नसताना तयार झाले. वल्ही सुताराने करून दिली. डोंगा मात्र गावात एकच उरला होता. जुन्या नावाड्याचा, फळ्या जोडून केलेला, त्याच्या घरामागे टिनाखाली पालथा पडलेला. नावाडी वारला होता. त्याची बायको, जिला सगळं गाव बाई म्हणतं, त्या डोंग्यावर वड्या वाळत घालायची.

त्या डोंग्यावर रस्त्यावरच्या एका हॉटेलवाल्याचा डोळा होता. त्यात माती भरून फुलझाडं लावायची आणि फाटकाशी ठेवायचा, लोक फोटो काढतील. बाईचा मुलगा कबूल झाला होता, बाई अडून बसली होती.

"तुमी नाटकवाले खोटे बोलता," ती मला म्हणाली. "पण पाण्यावर ठेवतो मनत असान तं घेऊन जा. माह्या बुड्यानं माणसं नेली त्याच्यातून. मी त्याच्यात माती नाई भरू देणार."

मी छातीवर हात ठेवून, रंगमंचावर ठेवतो तसा, शब्द दिला.

वर्षानुवर्षं वाळलेल्या डोंग्याच्या फळ्यांमधून उजेड दिसत होता. असा डोंगा आधी भिजवावा लागतो. उथळ पाण्यात नेऊन, आत चार-पाच मोठे दगड ठेवून तो मुद्दाम बुडवायचा. लाकूड फुगतं, फटी मिटतात, मग दगड काढले की डोंगा वर येतो. दसऱ्यानंतर आम्ही तो वाजतगाजत घाटावर नेला. इथपर्यंत सगळं ठीक होतं.

मग मी भाषण केलं. क्लब सगळ्या गावाचा आहे, म्हणून प्रत्येक घराने आपल्या हाताने एक दगड ठेवावा, असं मी म्हणालो. टाळ्या पडल्या. बायका घरी गेल्या आणि दगड धुऊन, हळदकुंकू लावून, ताटात घेऊन आल्या. कोणी नारळ फोडला. डोंगा इतका भरला की बुडताना त्याने एक बुडबुडाही काढला नाही. बाई एवढंच म्हणाली, "येवढे कायले?" पण तिनेही आपला एक दगड ठेवला.

फळ्या फुगल्या असतील-नसतील, तोच ग्रामपंचायतीच्या भोंग्यावर सूचना आली: वर पाऊस झालाय, धरणाचं पाणी सोडताहेत, संध्याकाळपर्यंत घाट सोडा.

"बुडलेलाच राहू द्यावा," गुरुजी म्हणाले. "जड आहे, वाहून जाणार नाही."

"पुरात रेती भरते गुरुजी," बाई म्हणाली. "मंग उन्हाळ्यात खांदान तं फळ्याच निंगतीन."

माती नको म्हणून तिने डोंगा आम्हाला दिला होता. आता त्यात रेती भरणार होती, आणि तीही माझ्या भाषणामुळे. आम्ही चौघे कमरेइतक्या पाण्यात उतरलो. मी पहिला दगड उचलला, मागे टाकायला हात वर केला, तोच काठावरून हाक आली.

"फेकू नोको भाऊ. तो माह्या घरचा देव होय."

कुंकू लागलं होतं, तेव्हा दगड दगड राहिलाच नव्हता. तो काठावर नेऊन पिंपळाच्या पारावर नीट ठेवावा लागला. दुसराही तसाच. तिसऱ्याला गुरुजी घसरले आणि देवासकट बुडून वर आले. काठावर सगळं गाव उभं, प्रत्येकाची नजर आपापल्या दगडावर. पाणी गढूळ झालं, कमरेचं बरगड्यांपर्यंत आलं. ताई खाली वाकल्या की त्यांची हनुवटी पाण्याला लागायची. डोंग्यात अजून निम्मं गाव बसलेलं होतं.

"असं नाई होत," चहावाला थरथरत म्हणाला. "भाऊ, तुमीच फेका. तुमाले काय पाप लागन? तुमी तं व्हिलनच हाव."

सगळे माझ्याकडे बघू लागले. रंगमंचावर मी देवळं लुटली आहेत, मूर्ती चोरल्या आहेत, त्यावर खदाखदा हसलो आहे. इथे हात उचलत नव्हता. मी काठावर बाईकडे पाहिलं. ती साडी खोचून पाण्यात उतरली, चाचपडत आपला दगड शोधला आणि माझ्या हातात दिला.

"हा माहा होय. हा पयले फेका."

मी तो खोल धारेत फेकला. मग दुसरा, तिसरा. प्रत्येकाची मनात माफी मागत होतो, आणि काठावरून शिव्या येत होत्या. त्या शिव्या मी आयुष्यभर आवडीने खाल्ल्या आहेत, पण त्या संध्याकाळी कोणी तिकीट काढून देत नव्हतं. काठावरची एक मावशी तर रडत होती. माझ्याही डोळ्यांत पाणी होतं. नदीचं आहे असं मी भासवलं. शेवटी पाणी गळ्याशी आलं तेव्हा पायाला काहीतरी घासून गेलं आणि डोंगा, एक बाजू आधी, मग दुसरी, वर आला. आम्ही आतलं पाणी उपसलं, ताईंनी दोर पिंपळाला बांधला. बाई ओल्या साडीने रात्र पडेपर्यंत डोंग्याच्या काठावर हात ठेवून बसली होती.

पूर ओसरल्यावर आम्ही चौघे वल्ही घेऊन घाटावर गेलो. बाकी कोणीही आलं नाही. गावात माझ्याशी बोलणं बंद होतं. आता हा क्लब चार माणसांचा, त्यात एकाला पोहता येत नाही, असं आम्ही म्हणत असताना ती रडणारी मावशी फुलं घेऊन आली. माझ्याकडे न बघता चहावाल्याला म्हणाली, "याले विचार, माहा देव कुठी टाकला."

मी मधल्या धारेकडे बोट दाखवलं.

"तिथवरी मी कशी जाऊ?"

"बसा," मी म्हणालो, आणि वल्हं पुढे केलं.

ती बसली. फुलं पदरात बांधली, वल्हं दोन्ही हातांनी धरलं आणि मान वळवून धारेकडे पाहू लागली.

"पाठ करून काऊन बसवलं मले? समोरचं दिसून नाई राह्यलं."

"वल्हवणाऱ्याला दिसत नसतं," मी म्हणालो. "ओढा."