ठकूकाकीचा राब

मी पदवीधर झालो, त्याचं श्रेय आधी ठकूकाकीचं. खालापूरजवळच्या आमच्या गावात तिचं शेत आमच्या बांधाला लागून होतं. ती माझ्याशी एकदाही गोड बोलली नाही.

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी सुट्टीत मी आमचा राब भाजायला घेतला. शेतात शेण, पाला, गवत पसरून पेरणीआधी भाजतात, तो राब. वारा जिकडे जातो त्या टोकाला पेटवायचा, म्हणजे आग वाऱ्याविरुद्ध सावकाश सरकते. मला लवकर उरकून अभ्यासाला बसायचं होतं. मी वारा येतो त्या टोकालाच काडी लावली. आग बांध ओलांडून काकीच्या गवती गोठ्याला लागली. काकी शिळफाट्याला बाजारात गेली होती. तिचा बैल दाव्यालाच मेला.

गाव म्हणालं, "जाऊ दे, चुकलं पोराचं."

"का जाऊ दे?" काकी म्हणाली. "तुमचा बैल मेला का?"

मी कॉलेज सोडायचं ठरवलं. कळताच ती आमच्या ओटीवर आली. "तोंड लपवतोस व्हय रं? तुज्या पुस्तकापायी माजा बैल गेला. आता ते पुस्तक पुरं कर. आन दर वर्साला माजा राब तूच भाजायचास."

दर वर्षी मी गेलो. ती लांब, पाठ करून उभी राही आणि तिथूनच सुनावी, "कालेजवाले, वारा कुठनं हाय? का तेबी पुस्तकात बघतोस?" पाणी कधी विचारलं नाही. तिला माझं तोंड बघवत नाही, असंच मी धरून चाललो होतो.

पदवीचे पेढे घेऊन गेलो, तेव्हा धीर करून विचारलं, "काकी, मला माफ कधी करशील?"

"तुला कवाच केलं," ती म्हणाली. "त्या दिशी दावं मी दुहेरी बांधलं व्हतं. एकेरी असतं तर तोडून गेला असता. आग बघवत नाय रं मला." मग पुडा माझ्याकडे सरकवला. "जा आता. पेढे ने."

पुढे भिवपुरीला नोकरी लागली. तिथून तिला पत्र टाकलं. वाचून दाखवणार पोस्टमन, म्हणून त्या दुहेरी दाव्याचं काही लिहिलं नाही.

"तीर्थस्वरूप ठकूकाकीस साष्टांग नमस्कार. रविवारी सकाळी वारा पडलेला असताना येतो. यंदा काडी तू लाव. मी घागर भरून शेजारी उभा राहतो. शिव्या द्यायच्या त्या दे, पण तोंड इकडे करून."