नंदूला सगळं कळत होतं

हे मी आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही. आईला ठाऊक आहे, पण तिला मी सांगितलं म्हणून नाही — ती तिथे होती म्हणून. आमच्यात त्यावर एक शब्द झालेला नाही. पेणकरपाड्याच्या त्याच घरात आम्ही दोघी राहतो, एकाच कुकरातला भात खातो आणि त्या एका गोष्टीला वळसा घालून बोलत राहतो. मग तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. ओळखीच्या माणसाला दुसऱ्या दिवशी तोंड दाखवावं लागतं.

ओळखीची माणसं मला फार चांगली बाई समजतात. सुट्टी खर्चून नेपाळला गेलेली, तिथल्या अपंग मुलांना मोझाइक शिकवून आलेली. सोसायटीच्या हॉलमध्ये शाल-श्रीफळ देऊन सत्कारसुद्धा झाला. एक काका माईकवर म्हणाले, हिच्या हाताला देवाने काहीतरी वेगळंच दिलंय. मी मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला.

देवाने काही दिलं नव्हतं. दिलं होतं ते नंदूने.

नंदू माझा धाकटा भाऊ. जन्मला तेव्हा लवकर रडलाच नाही, आणि त्याचे हातपाय कायमचे ताठ राहिले. बोटं मुठीत आवळलेली, मान एका बाजूला कललेली, हनुवटीवर सतत लाळ. बोलायचा, पण एकेका अक्षरासाठी सगळं अंग पिळवटून निघायचं, आणि ते बोलणं घरच्यांखेरीज कुणाला कळायचं नाही. डोकं मात्र — डोकं माझ्यापेक्षा चांगलं. तळमजल्याच्या खिडकीशी त्याची चाकाची खुर्ची असायची. तिथे बसून बिल्डिंगमधली हिंदी, गुजराती, सगळी त्याने उचलली होती. कुणाच्या घरी भांडण झालं, कुणाकडे पाहुणे आले, हे संध्याकाळी तो आईला रंगवून सांगायचा.

आल्यागेल्यांना मात्र वाटायचं, याला काय समजतंय. त्याच्यादेखत म्हणायचे, देवाने उचललं तर सुटेल बिचारा. आई हळूच म्हणायची, 'त्याच्यासमोर नको गो बोलूस, त्याला कळतं.' मी हळू नाही, भांडायचे. परकर-पोलक्यातली मी मोठमोठ्या बायकांच्या अंगावर धावून जायचे — त्याला सगळं कळतं, सगळं. तेव्हा मी अशी होते. का सांगतेय हे? स्वतःची बाजू घ्यायला नाही. कुठून कुठे आले ते तुम्हाला दिसावं म्हणून.

मी शाळेत चित्रकला शिकवते. मध्येच मोझाइकचा नाद लागला. काशीगावजवळ हायवेवर टाइल्सची दुकानं आहेत, तिथून फुटक्या लाद्यांचे तुकडे गोणीत भरून आणायचे आणि कडा दगडावर घासून बोथट करायचे. नंदूलाही करायचं होतं. मी त्याची बोटं सोडवून त्यांत तुकडा धरवायला बघायचे, तो कळवळायचा. एकदा तो चिडला. गोंदावर मी नुसता ठेवलेला तुकडा होता, त्यावर त्याने आवळलेली मूठ तशीच आपटली. तुकडा असा सपाट बसला, की मला दोन्ही हातांनी तसा बसवता आला नसता. मग तीच आमची रीत झाली. कुठला रंग हवा ते तो डोळ्यांनी दाखवणार, मी तुकडा गोंदावर ठेवणार, आणि तो मूठ वर नेऊन हाताच्या वजनाने खाली सोडणार. मग बोटांच्या पेरांनी चाचपून बघणार, कड वर राहिली का. मूठ उघडायचीच नाही. हे त्याने शोधलं. फळीवर त्याने अशी एक होडी केली, ती मी आमच्या ओट्यामागच्या भिंतीवर बसवली. समुद्रकाठच्या डोंगरी गावाकडे रिक्षाने नेलं होतं एकदा, तेव्हा बघितलेली.

नेपाळच्या त्या अपंग मुलांच्या केंद्राने स्वयंसेवक म्हणून घेण्याआधी फोनवर मुलाखत घेतली. त्यांनी विचारलं, घरी किंवा नात्यात असं मूल आहे का? मी नाही म्हटलं. आहे म्हटलं असतं तर उलट त्यांना आवडलंच असतं. मग का? जन्मभर मी 'त्या नंदूची बहीण' होते. बघायला आलेला एक मुलगा नंदूला बघून अर्धा चहा टाकून उठला होता. पण ही सबब झाली, आणि तीही खोटी — तो मुलगा मला आवडलाच नव्हता. खरं एवढंच की कुठेतरी मला नुसतं मीच असायचं होतं.

आणि मी तशी होते तिथे. डोंगरातलं लहान गाव, लांबोडका हॉल, भिंतीला टेकून बसलेली मुलं. कितीतरी जणांच्या मुठी नंदूसारख्याच. बाकीचे स्वयंसेवक बोटं सोडवत बसायचे आणि मुलं रडायची. मी म्हटलं, सोडवू नका. तुकडा ठेवला आणि एका मुलीची मूठ उचलून अलगद खाली सोडली. ती हसली. मग हॉलभर धपाधप मुठी पडायला लागल्या. केंद्राच्या बाईंनी विचारलं, हे कुठे शिकलात? मी म्हटलं, सुचलं.

सुचलं. एका शब्दात मी नंदूकडून ते काढून घेतलं. आणि सांगायला लाज वाटते, पण मी फार सुखात होते.

मुलांनी फळ्यांवर केलेली चित्रं आम्ही हॉलच्या एका भिंतीवर बसवत होतो, ती भिंत नंदूला बघायची होती. आईचा व्हिडिओ कॉल आला की मी फोन घेऊन स्वयंपाकघरामागे जायचे, घाईत दोन शब्द बोलायचे, रेंज नाही म्हणायचे. भिंत दाखवायची तर हॉलमध्ये जावं लागणार, आणि मग हॉलला नंदू दिसणार. एका दुपारी वर्ग चालू असताना कॉल आला. माझे हात सिमेंटने भरलेले. माझ्याबरोबरच्या एका स्वयंसेवक मुलीने आपणहून उचलला आणि फोन माझ्यासमोर धरला. तिच्यामागून आणखी दोघं वाकून बघायला लागली.

पडदाभर नंदूचा चेहरा. त्याला माझ्यामागे मुलं दिसत होती. ती मुठी आपटत होती, त्याच्यासारख्या. तो असा हसला, असा ओरडला, की हॉलमधली मुलंही वळून बघायला लागली. कधी कुणी त्याची नक्कल चांगल्या कामासाठी केली होती? त्या मुलीने विचारलं, 'ये कौन है?'

मी म्हटलं, 'पडोस का लडका है. बेचारा.'

हिंदीत म्हटलं. नंदूला मराठीइतकीच येणाऱ्या हिंदीत. त्याचं हसू एकदम गेलं नाही, हळूहळू गेलं. मग पडद्यावर आमच्या घरचा पंखा दिसला आणि आईने फोन ठेवला.

परत आले ती कशी, ते मला आठवत नाही. भांडण होईल, रडारड होईल, असं वाटत होतं. काही झालं नाही. नंदूसाठी लोकरीची टोपी आणली होती, ती त्याने घालून घेतली. आईने भाकऱ्या केल्या. मग सत्काराचा दिवस आला. मी आईला म्हटलं, नंदूला घेऊन ये. आई म्हणाली, 'तोच नको म्हणतोय.' पुढच्या आठवड्यात माझ्या शाळेतल्या बाई घरी आल्या. त्यांच्या चपला दाराशी वाजल्या मात्र, नंदूने आईकडे बघून मानेने आतल्या खोलीची खूण केली आणि म्हणाला, 'दार लाव.' आईने खुर्ची आत नेली, दार लावलं. मी चहा दिला. नेपाळचे फोटो दाखवले.

तेव्हापासून कुणीही आलं की तसंच. मला वाटलं, रुसलाय. पण रुसलेला नंदू मला माहीत होता, रुसला की दोन दिवस जेवायचा नाही. हे रुसणं नव्हतं. मला काय हवंय हे त्याला कळलं होतं, आणि तो ते करत होता. एकदाही मी म्हटलं नाही, राहू दे, उघडं राहू दे दार. का नाही म्हटलं? मला ते सोयीचं होतं. दुसरं कारण शोधून बघितलं, सापडत नाही.

त्याची छाती पहिल्यापासून कमजोर. थंडीत कफ भरला तो उतरेना. भाईंदरच्या एका हॉस्पिटलात ठेवलं. तिथली सिस्टर मायाळू होती, त्याची हनुवटी पुसताना त्याच्याशी बोलायची. आईने तिला मी कोण ते सांगितलेलंच होतं. त्याला कितपत भान आहे ते बघायला तिने मास्क जरा बाजूला केला आणि माझ्याकडे बोट दाखवून विचारलं, 'ये कौन है? पहचानते हो?'

नंदूने माझ्याकडे बघितलं. दम लागत होता. एकेक अक्षर ओढत म्हणाला, 'पडोस की.'

यावेळी तिलाही ते कळलं, इतकं त्याने नीट म्हटलं. रागाने म्हटलं असतं तर मला सोपं गेलं असतं. राग नव्हता त्याच्या चेहऱ्यावर. परक्या माणसासमोर माझं खोटं उघडं पडू नये, म्हणून तो ते शब्द छातीतून काढत होता.

सिस्टर गोंधळून माझ्याकडे बघायला लागली. आईही बघत होती. एक वाक्य पुरलं असतं — मी सख्खी बहीण आहे, तो शुद्धीत आहे, हे मीच त्याला शिकवलंय. वेळही होता. मी म्हटलं, 'इसको उतना समझता नहीं.'

सिस्टरने मान हलवली, मास्क पुन्हा बसवला. राऊंडला आलेल्या डॉक्टरांना तिने पेशंट भानावर नाही असं सांगितलं. त्यानंतर नंदूला कुणी काही विचारलं नाही. दुखतंय का, पाणी हवंय का, सगळं मला विचारलं. मी उत्तरं दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी तो गेला.

ते वाक्य मी बोलले तेव्हा तो जागा होता. माझ्याकडेच बघत होता.