मामाचा अडकित्ता

अक्षर वेडंवाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला चौथीतही जमलं नाही. कुणी वाचलंच तर माफ करावं. मामाबद्दल लिहायचं तर आधी त्याच्या थुंकीबद्दल लिहावं लागेल.

चाकणला त्याची लोहाराची भट्टी होती. लोखंड तापलं का, हे तो त्यावर थुंकून बघायचा. धार लागली का, हे हातावरचे केस भादरून बघायचा आणि पात्याला चिकटलेले केस थुंकीच्या बोटानं पुसायचा. डावा हात कोपरापर्यंत गुळगुळीत. आईमागं मी त्याच्याकडेच वाढले, तरी मला रोज शिसारी यायची.

त्याला शिसारी यायची ती बाजारच्या मालाची. कुणी चकचकीत चाकू दाखवला की दोन बोटांनी वाकवायचा. "पत्रा हाय ह्यो! ह्यानं लोणी तरी कापंल का रं?" आणि पचकन थुंकायचा. त्याच्या हातच्या अडकित्त्याची खीळ मात्र जन्मात हलायची नाही.

माझं लग्न झालं आणि पहिल्या धोंड्याच्या महिन्यात तो चिंचवडला आला. जावयाला वाण म्हणून अडकित्ता आणला होता, मोराच्या घाटाचा, नुसतं बघत राहावं असा. तो देऊन त्यानं हात पुढं केला. "धारंची वस्तू फुकट घिऊ नये, जावई. नातं तुटतं. एक पैसा द्या."

हे पिंपरीच्या कारखान्यात नवेच लागलेले. "चांदी सोडून लोखंड आणलंत, वर जावयाकडंच भीक मागता?" अडकित्ता ठेवून घेतला, पैसा दिला नाही.

मला दोघांचीही किळस आली. मामा पानावरून उठला. "पैसा मिळंस्तवर ह्या उंबऱ्याच्या आत येणार न्हाई." माझ्या बाळाच्या बारशालाही आला नाही. नातं तुटू नये म्हणून नातं तोडणारा माणूस! मी पाळण्याजवळ बसून रडले.

हे मात्र रोज त्याच अडकित्त्यानं सुपारी कातरायचे. त्याची धार गेली तेव्हा पुण्याहून नवे दोन आणले. दोन्हींच्या खिळी निखळल्या. शेवटी मला आणि बाळाला घेऊन चाकणला निघाले.

मामा पार खंगला होता. अडकित्ता हातात घेईना. "वस्तू अजून तुमची न्हाई. धार कुणासाठी लावू?"

हे खाली मान घालून खिसा चाचपू लागले. भोकाचा एक पैसा निघाला, तो त्यांनी मामाच्या तळहातावर ठेवला. मामानं त्यावर पचकन थुंकून तो कपाळाला लावला. शी!

"फिटला," म्हणाला. "बाये, आता येतो तुझ्याकडं जेवाया."