डोरीन जिना चढते

नॉरिस बटरवर्थला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती. आपलं गाणं एकदा तरी शेवटपर्यंत वाजवायचं. यात काही राजवाडा मागितला नव्हता, पण नशीब बघा, एकतीस वर्षं तेवढंही जमलं नाही.

नॉरिस इंग्लंडातल्या ओल्डहॅमच्या गिरणीत फिटर आणि ‘सिल्व्हर स्पॅनर्स’ बँडचा ड्रमवाला. दर शनिवारी ते कामगार क्लबात वाजवायचे. ‘डोरीन, परत ये’ हे गाणं नॉरिसने स्वतः रचलेलं. त्याच्या शेवटी रुसलेली डोरीन लाकडी जिना चढून घरी येते. तिच्या टाचांचा आवाज ड्रमवर, तब्बल दीड मिनिट!

पण डोरीन पहिल्या पायरीपाशी पोचते न पोचते तोच क्लबचा सेक्रेटरी वॉल्टर क्रॅबट्री माइक हिसकावून घ्यायचा. “थांबा रे! पाई आल्या!” मैद्याच्या पारीत मटण भरून भाजलेल्या गरम पाई आल्यावर त्या क्लबात साक्षात राणीलाही गप्प बसावं लागलं असतं.

चौसष्ट साली लंडनहून रेकॉर्ड कंपनीचा एक माणूस आला. गाणं धाडकन थांबलेलं ऐकून तो खुर्चीतून उठलाच. हीच नवी शैली, म्हणाला. रेकॉर्डवरही गाणं तिथेच तोडलं. ती रेकॉर्ड खपाच्या यादीत अडतिसाव्या नंबरावर चढली आणि पुढच्याच आठवड्यात उतरली. मग बँडची सगळीच गाणी मध्येच थांबू लागली, पेपरवाले ‘काय हे धाडस’ म्हणू लागले, आणि नॉरिस एरंडेल प्यायल्यासारखं तोंड करून हार घालून घेऊ लागला.

पंच्याण्णव साली बँडच्या निरोपाचा कार्यक्रम ठरला.

“वॉल्टर, आज तरी पाई थोपव की. मेल्यावर वाजवू का?”

“माझ्या हातात काय आहे बाबा? क्लबाचं स्वयंपाकघर तुझ्या बायकोच्या ताब्यात.”

नॉरिस तडक विनीकडे गेला. “विनी, आज दीड मिनिट उशीर कर.”

विनीने त्याच्याकडे नीट पाहिलं. “हवंच आहे का तुला?”

“हवंच आहे.”

विनीने एप्रन सोडला आणि ती पहिल्या रांगेत जाऊन बसली.

डोरीन जिना चढू लागली. चढतच राहिली. सगळ्यांच्या माना स्वयंपाकघराच्या दाराकडे वळल्या.

“घर कितव्या मजल्यावर आहे हिचं?” मागून कुणीतरी विचारलं.

“बाई, लिफ्टने ये गं!”

नॉरिसने डोळे मिटून, घामाने निथळत, शेवटची पायरी वाजवली. मग एक म्हातारा म्हणाला, “पाई कुठायत?”

नॉरिस पडल्या चेहऱ्याने विनीजवळ येऊन बसला. “कसं वाटलं?”

“चौसष्टसारखंच.”

“तू कधी ऐकलंस?”

“माझ्या बाबांच्या कोंबड्यांच्या शेडमध्ये सराव करायचास ना, तेव्हा. आठवडाभर कोंबड्यांनी अंडं दिलं नाही. तेव्हाच ठरवलं, या माणसाशी लग्न करायचं आणि हे कुणाच्या कानावर पडू द्यायचं नाही.”

“म्हणजे पाई तू मुद्दाम त्याच वेळी... एकदाही उशीर नाही?”

“एकदा होणार होता. ओव्हन बंद पडला होता. मग तशाच कच्च्या आणल्या.”

त्या शनिवारी अर्ध्या क्लबाचं पोट बिघडलं होतं, ते नॉरिसला आठवलं. आपल्यावर कुणी इतकं प्रेम केलं असेल असं त्याला कधी वाटलंच नव्हतं. त्याने डोळे पुसले आणि बायकोबरोबर पाई वाढायला उठला.