गाडीला अर्थ नाय

निवृत्त झाल्यावर माणसं काय काय करतात. कुणी घरावर स्लॅब टाकतं, कुणी काशीला जाऊन येतं, कुणी मुलाच्या धंद्यात पैसे घालून उरलेलं आयुष्य पस्तावतं. धाटावच्या कंपनीतून निवृत्त झालेल्या पुंडलिक गावंडने यातलं काहीच केलं नाही. त्याने दोन सीटची, टप उघडणारी, लालभडक स्पोर्ट्स कार घेतली.

गाडी नवी नव्हती. मुंबईच्या एका शेठच्या बंगल्यात ती कैक वर्षं आंब्याखाली उभी होती आणि वॉचमनच्या कोंबड्या तिच्या सीटवर अंडी घालत होत्या. टेम्पोवर चढून ती रोह्याला आली तेव्हा सगळी आळी बघायला जमली. शेजारच्या सीताबाईंनी गाडीला एक फेरी घातली, आत डोकावून दोनच सीट मोजल्या आणि शांतपणे विचारलं, "बाकीची मागनं येतेय काय रं पुंडलिका?"

पुंडलिकला त्या दोन सीटांचंच तर वेड होतं. आता हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं, पण आपल्याला ठाऊक असायला हरकत नाही. लग्न झाल्यापासून तो आणि चंद्रावती शेजारी शेजारी म्हणून कधी बसलेच नव्हते. स्कूटरवर ती मागे, मध्ये दोन पोरं आणि तिच्या मांडीवर पिशवी. एस्टीत जागा मिळाली तर ती बसायची, हा दांड्याला लोंबकळायचा. घरी म्हणावं तर शिफ्ट. हा रात्रपाळी करून यायचा तेव्हा ती शेतावर निघालेली असायची, आणि ती घरी यायची तेव्हा हा घोरत असायचा. संसार झाला, पोरं मार्गी लागली, पण बायकोशी चार गोष्टी बोलायच्या राहून गेल्या, असं त्याला अलीकडे फार वाटे. दोन सीटच्या गाडीत तिसरं कुणी येऊच शकत नाही, एवढा साधा त्याचा हिशेब होता.

पण चंद्रावती गाडीत बसेल तर ना. स्टेशन रोडला गॅरेज असलेल्या अमोलने इंजीन चालू करून दिलं, सीटवरची कोंबड्यांची आठवण पुसून काढली, तरी ती दारातूनच बघायची. "ह्याला काय अर्थ हाय का?" हे तिचं दिवसातून तीनदा ठरलेलं. शेवटी पुंडलिकने भीतभीत विचारलं, की औंदा गणपती आणायला तुझ्या माहेरी हमरापूरला आपण हिच्यातनं जाऊ या का? चंद्रावतीच्या भावाचा, जगनचा मूर्तींचा कारखाना. दरवर्षी मूर्ती तिथूनच यायची, एस्टीने, चंद्रावतीच्या मांडीवर.

चंद्रावतीने गाडीच्या तोंडाकडे पाहिलं. पुढचे दिवे पिवळट, मिणमिणते, एक जरा तिरका. "आमच्या कारखान्यात डोळे आखल्याबिगर मूर्ती भायेर काढत नाय," ती म्हणाली, "आन तुम्ही मला आंधळ्या गाडीत बसवताव? आधी तिचे डोळे नीट करा. मग येते."

झालं. पुंडलिकला हवं ते मिळालं. अमोलकडे टाकलं असतं तर अर्ध्या दिवसाचं काम. पण इथे एक जुनी ठसठस आडवी आली. कंपनीत तीस वर्षं तो ऑपरेटर होता. व्हॉल्व्ह उघड, व्हॉल्व्ह बंद कर. साधा बल्ब गेला तरी इलेक्ट्रिकल डिपार्टमेंटची माणसं रुबाबात यायची, ह्याला बाजूला व्हायला सांगायची आणि वायरींशी काहीतरी गूढ करून जायची. वायरीला हात लावायचा नाही, हा कंपनीचा कायदा. आता कंपनी नव्हती, कायदा नव्हता, आणि मोबाईलवर हिंदीतले व्हिडिओ फुकट होते. दिवे मी स्वतः बसवणार, असं त्याने जाहीर केलं. घरात कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

नवे दिवे आले, जाड वायरी आल्या, रिले आला. रिले म्हणजे काड्यापेटीएवढी डबी, जिच्यामुळे दिव्यांना थेट बॅटरीतून दमदार करंट मिळतो, हे त्याने चंद्रावतीला तांदूळ निवडताना दोनदा समजावलं. कामाला हात घालण्यापूर्वी कंपनीच्या सवयीने बॅटरीची वायर काढली आणि स्टिअरिंगला लाल पाटी अडकवली: काम चालू आहे, स्विच लावू नये. घरात गाडी चालवता येणारा तो एकटाच, तेव्हा ही पाटी त्याने स्वतःसाठीच लावली असावी.

काम त्याने मन लावून केलं. जुन्या वायरी काढल्या. दिवे बसवायच्या पट्ट्या गंजल्या होत्या, त्या घासल्या. आणि आता नवं सामान गंजक्या पट्टीवर कशाला, म्हणून जगनच्या कारखान्यातून आणलेल्या लाल ऑइलपेंटचे दोन हात त्यांवर दिले. हमरापूरचा जावई तो, रंगाशिवाय काम पुरं झालं असं त्याला वाटतच नाही. रंग वाळल्यावर दिव्यांच्या काळ्या वायरी त्या चकचकीत पट्टीवर नटबोल्टने आवळल्या, बॅटरी परत जोडली, चंद्रावतीला हाक मारली आणि बटण दाबलं.

दिवे लागले. म्हणजे, लागले असं म्हणायचं. पूर्वीपेक्षाही मंद. डावीकडचा इंडिकेटर दिला तर दोन्ही दिवे त्याच्या तालावर डोळे मिचकावू लागले. हॉर्न दाबला तर दिवे विझले आणि वायपर अर्धाच उठून परत निजला. पदराने तोंड झाकून चंद्रावती आत गेली आणि स्वयंपाकघरातून बराच वेळ तिचा खोकल्यासारखा आवाज येत राहिला.

दुसऱ्या दिवशी अमोल रस्त्याने चालला होता, त्याला पुंडलिकने थांबवलं. अमोलला घाई होती, कुणाची तरी गाडी कोलाडला बंद पडली होती. त्याने बटण दाबून पाहिलं, हॉर्न वाजवला, इंडिकेटर दिला, मान हलवली. "काका, हिला अर्थ नाय," म्हणाला आणि मोटारसायकलला किक मारून गेला.

पुंडलिक तिथेच उभा राहिला. बायकोने रोज म्हणावं, ते तो सोसत होता. बायको ती, तिचा हक्क. सीताबाईंनी म्हणावं, आळीने म्हणावं. पण मेकॅनिकने? इंजीन ज्याने जिवंत केलं त्याने? मग खरंच नसेल अर्थ. त्याने गाडीवर ताडपत्री टाकली, चारी कोपऱ्यांना विटा ठेवल्या आणि ओट्यावर येऊन बसला. जेवताना भाताला हात लावला न लावला, आणि रिलेबद्दल एक अक्षर बोलला नाही. चंद्रावतीने विचारलं तेव्हा म्हणाला, की गणपतीला तू एस्टीनेच जा, अमोल म्हणाला गाडीला अर्थ नाय.

आता खरं तर चंद्रावतीने खूश व्हायला हवं होतं. एवढे दिवस ती दुसरं काय म्हणत होती? पण तिने नवऱ्याच्या ताटाकडे पाहिलं, ताडपत्रीकडे पाहिलं, पदर खोचला आणि मोबाईल उचलला.

"अमोल, आमच्या गाडीला अर्थ हाय का नाय ते आम्ही बघू," ती म्हणाली. "तू कोन रं सांगणारा? मानसाचं जेवन तोडलंस."

ओट्यावर पुंडलिकने मान वर केली. आमच्या गाडीला. इतक्या दिवसांत ती गाडी 'तुमची' होती, 'ती' होती, 'तुमचा तो डबा' होती. आमची आज पहिल्यांदा झाली. त्याला एकदम भूक लागली.

फोनवर अमोल आधी गोंधळला, मग हसत सुटला. अवो काकी, तो अर्थ नाय, अर्थिंग, अर्थिंग मिळत नाय दिव्यांना, असं तो परत परत सांगत राहिला. चंद्रावतीने फोन ठेवला आणि निरोप जसाच्या तसा दिला.

अर्थिंग! पुंडलिक ताडकन उठला. अर्थिंग आपल्याला कोण शिकवणार? पेणच्या खाडीकडच्या गावात, मिठागरावर बापाने जन्म घालवला. गावात वीज आली तेव्हा घरोघरच्या अर्थिंगच्या खड्ड्याला जाडं मीठ त्यांच्याच आगरातून गेलं होतं. खड्डा, कोळसा, मीठ, पाणी आणि मध्ये लोखंडी सळई. हे त्याला चड्डीत असल्यापासून पाठ. अमोलला पुन्हा फोन करून सविस्तर विचारावं, हे मनातसुद्धा आलं नाही. येणार कसं? ज्याला अर्धं ठाऊक असतं त्याला विचारायची लाज वाटत नाही, गरजच वाटत नाही.

चतुर्थी दोन दिवसांवर आली होती. पुंडलिकने अंगणात, गाडीच्या नाकासमोर, कमरेएवढा खड्डा खणला. चुलीतला कोळसा, वाण्याकडचं जाडं मीठ, थर सारखे लावून वर दोन बादल्या पाणी. सळई ठोकली. दिव्यांच्या काळ्या वायरी पट्टीवरून सोडवून त्यांना लांब वायर जोडली आणि ती सळईला बांधली. मग बटण दाबलं. आधी निदान मिणमिणत तरी होते. आता दिवे पार गेले.

गाडी जमिनीला बांधलेली, खड्डा ओला, पुंडलिक कोपरापर्यंत काळा. अशा वेळी सीताबाई कुंपणाशी आल्या नसत्या तरच नवल. त्यांनी सळईपासून गाडीपर्यंत वायर नजरेने मापली. "चालंल," त्या म्हणाल्या, "पन ही वायर हमरापुरापर्यंत पुरंल ना रं?"

पुंडलिकच्या हातातली पकड तशीच राहिली. वायरीकडे पाहता पाहता त्याला आपल्या कामाचा सगळा आवाका एकदम दिसला, आणि तो गाडीच्या बंपरवर बसला. हसू यावं की रडू, हे त्याला ठरवता येईना. शेवटी हसूच आलं, पण सीताबाई गेल्यावर.

संध्याकाळी अमोल आपणहून आला. काकीच्या फोनपासून त्याला चैन नव्हतं. खड्डा बघून तो आधी खाली बसला. पुंडलिकने मीठ किती घातलं, हे त्याने आदराने विचारलं, आणि मग त्याला आपलं हसू आवरेना. पुंडलिकही हसला, तेव्हा कुठे बोलणं सुरू झालं. अमोल म्हणाला, "काका, घराला जमीन असते. गाडी रबरावर उभी हाय, तिला कुटली जमीन? तिची जमीन म्हंजे तिचाच पत्रा. करंट बॅटरीतनं दिव्यात जातो आन पत्र्यातनं परत येतो. तुम्ही वाटंतच रंग दिलाव."

हातात कानस देऊन तो बाजूला झाला; स्वतः काही केलं नाही, तेवढं शहाणपण त्याच्यात होतं. पुंडलिकने आपल्या हाताने दिलेला लाल रंग आपल्याच हाताने खरवडला. जिवावर आलं. रुपयाएवढी जागा उघडी पांढरी झाली, तिथे काळ्या वायरी आवळल्या, बटण दाबलं, आणि सीताबाईंच्या भिंतीवर असा लख्ख उजेड पडला की त्या आतून ओरडल्या, कोण आलं म्हणून. हॉर्न वाजवला, दिवे हलले नाहीत. इंडिकेटर दिला, तो एकटाच मिचकावला. वायपर जागचा हलला नाही. चंद्रावती दारात येऊन उभी होती. तिने एवढंच विचारलं, की उद्या किती वाजता निघायचं.

हमरापूरला जगनच्या कारखान्यात ऐन धांदल होती. त्यांच्या मूर्तीच्या डोळ्यांची आखणी व्हायचीच होती. दुपारी निघायचं ते दिवस कलायला लागला तेव्हा निघाले. चंद्रावती गाडीत बसली, म्हणजे जवळजवळ जमिनीवरच बसली, कारण सीट तेवढीच खाली होती. जगनने मूर्तीच्या तोंडावर रुमाल टाकून ती तिच्या मांडीवर ठेवली. पेण मागे पडलं, वडखळला अंधारून आलं. पुंडलिकने दिवे लावले. रस्ता लांबवर स्वच्छ दिसू लागला.

चार गोष्टी बोलायच्या म्हणून त्याने वर्षानुवर्षं साठवल्या होत्या, त्यातली एक आठवेल तर शपथ. चंद्रावतीचं सगळं लक्ष मांडीवर. खड्डा हाय, हळू. ट्रक येतोय, हळू. देव हाय मांडीवर, हळू. नागोठण्यापर्यंत मागून दोन सायकलवाले पुढे निघून गेले. इतकी रंगीत गाडी इतकी सावकाश जाताना नागोठण्याच्या लोकांनी पाहिली नसेल. पुंडलिकला जरा वाईटही वाटलं. शेजारी बसली खरी, पण बसली ती देवासाठी. एस्टीत बसली असती तशीच. पुढच्या वर्षी पुन्हा चतुर्थी येईल तेव्हाच ही सीट भरेल, असं त्याच्या मनात येऊन गेलं आणि तो निमूट गाडी हाकत राहिला.

रोह्याला पोचले. सीताबाईंनी दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला, पुंडलिकने मूर्ती उचलून आत पाटावर नेऊन ठेवली. उद्याची सगळी तयारी बाकी होती. दूर्वा निवडायच्या, खोबरं खवायचं, मखराची एक बाजू कललेली. चंद्रावती आता मध्यरात्रीपर्यंत काही हाताला लागत नाही, असं समजून तो गाडीवर ताडपत्री घालायला बाहेर आला.

गाडीत ती बसली होती. पदर डोक्यावरून घट्ट बांधून घेतलेला, हात रिकामे. पुंडलिक ताडपत्री हातात घेऊन बघतच राहिला.

"बघताव काय?" ती म्हणाली. "बसा. आता देव नाय मांडीवर. जरा जोरात न्या."