बुरशी न धरणारी भाकरी

काशम्मा मूळची वळसंगची. लग्न होऊन सोलापुरात आली, नवरा लवकर गेला, आणि तेव्हापासून अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या गेटवर कडक भाकरी विकत बसली. यंत्रमागावरच्या कामगारांना ती ठसक्यात बजावायची, "ठेवा म्हैनाभर. बुरशी धरली तर पैसं परत." पैसे मागायला कधी कुणी आलं नाही.

दुसऱ्या लाटेत तिला करोना झाला. साखर आधीपासूनच होती. बरी होऊन घरी आली आणि काही दिवसांतच डोळा सुजला, नाकपुडी काळी पडली. काळी बुरशी. उजवा डोळा आणि वरचा जबडा काढला, तेव्हा कुठे जीव वाचला.

तिचे डॉक्टर गुरुशांत तरुण आणि हुशार. टाके काढायला मी शेजारी म्हणून तिच्याबरोबर गेलो तेव्हा त्यांनी फोटोची परवानगी मागितली. जगभरच्या डॉक्टरांना दाखवायचाय, तोंड ओळखू येणार नाही, म्हणाले. काशम्मा बोबडं बोलली, "घ्या की. माजं गेलं ते गेलं. दुसऱ्याचं तरी वाचंल."

त्या दिवसांत संशोधन छापायची भयंकर घाई होती. एरवी वर्ष वर्ष लेख अडवून धरणारी नियतकालिकं आठवड्यात छापत होती, तेही सगळ्या जगाला फुकट वाचायला. कुणीही घ्यावं, कुणीही वापरावं. मी इंग्रजीचा निवृत्त मास्तर; मला तर याचं फार कौतुक वाटलं. डॉक्टरांचा लेखही तसाच छापून आला. फोटोत डोळे झाकायचा नियम होता. पण काढलेल्या डोळ्याची खोबण तर दाखवायची होती, म्हणून काळी पट्टी चांगल्या डोळ्यावर मारली. हनुवटीवरच्या गोंदणाकडे कुणाचं लक्षच गेलं नाही. पाच ठिपके, त्यातला एक बाजूला सरकलेला, कारण लहानपणी गोंदताना ती हलली होती. अर्ध्या एमआयडीसीला ते गोंदण पाठ होतं.

कुणीतरी तो फोटो उचलून 'सावधान' असं लिहून व्हॉट्सॲपवर सोडला. चोरी म्हणावी तर तीही नाही, मुभाच होती. तोवर काशम्मा पदराने गाल झाकून पुन्हा गेटवर बसू लागली होती. दाढेचं ऑपरेशन झालं, असं सांगायची. एका सकाळी शिवपुत्र नावाचा मागावरचा कामगार सायकल थांबवून हसत म्हणाला, "काशम्मा, भाकरीला न्हाय धरत, मग तोंडाला कशी वो धरली?"

सगळे हसले. भाकरी कुणी घेतली नाही.

मी डॉक्टरांच्या त्याच लेखाची प्रिंट काढून आणली. हा रोग एकाकडून दुसऱ्याला होत नाही, असं त्यात स्वच्छ लिहिलेलं. त्याचं मराठी करून गेटवर वाचून दाखवलं. शिवपुत्र म्हणाला, "मास्तर, विंग्रजीत काय बी लिवत्यात. फोटू दिसतोय न्हवं?" त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली.

डॉक्टरांना खरंच वाईट वाटलं. त्यांनी कळवल्यावर नियतकालिकाने फोटो बदलला आणि खाली दुरुस्ती छापली: रुग्णाच्या हनुवटीवरील गोंदण झाकले आहे. ज्यांच्या ध्यानात आलं नव्हतं त्यांनाही आता कळलं, जुन्या फोटोत कुठे बघायचं ते. "पण मास्तर, तो लेख वाचून कितीजणांचे डोळे वेळेत वाचले," डॉक्टर हळूच म्हणाले. ते खरंच होतं, आणि म्हणूनच माझा जास्त संताप झाला.

आता काशम्माची सून दानेश्वरी घराच्या दारात भाकरी मांडून बसते. पीठ तेच, हातही तेच. काशम्मा आत थापते, सून बाहेर विकते. बुरशीचं ते वाक्य बोलायचं नाही, असं काशम्मानेच तिला बजावलंय. स्वतःची भाकरी काशम्माला चाववत नाही, ताकात भिजवून गिळते.

परवा मी आत चुलीपाशी बसलो होतो. बाहेर शिवपुत्राचा आवाज आला, "वैनी, तुमच्या हाताला लई चव हाय. म्हातारीपरीस बरी. आन् भ्या न्हाय." त्याने दोन डझन बांधून घेतल्या.

काशम्माने तव्यावरची भाकरी उलटली.

"गिऱ्हाईक वाढलंय न्हवं, मास्तर?" ती म्हणाली. "मग तेवढं दार ओढून घ्या. मी दिसंन."

मी उठून दार ओढून घेतलं.