काकांनी घातलेलं वाक्य

"जरा एसी बंद करू का रे?" असं विचारून काका उत्तराची वाट न बघता एसी बंद करायचे. मग डोक्यावरून गोधडी घ्यायचे, आत मोबाईल आणि बोटभर माइक. थोड्या वेळाने त्या गोधडीतून भारदस्त आवाज यायचा, "नमस्कार मंडळी."

कतारमधल्या दोह्यातला ऑगस्ट, बिन महमूद भागातली आमची तिघांची खोली, आणि मी धंद्याने एसी मेकॅनिक. दिवसभर लोकांची घरं गार करायची आणि आपल्या खाटेवर येऊन घाम पुसत बसायचं. तिसरे रफिकभाई, रत्नागिरीचे, हॉटेलात तंदूरवर असत. ते म्हणायचे, "काका, भट्टीतून सुटलो म्हणून मी घरी येतो, आणि तुम्ही इथं दुसरी पेटवता."

गोधडीतून हात बाहेर यायचा. एक बोट वर. म्हणजे गप्प.

तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल, ज्याचा आवाज त्याच्या अंगापेक्षा मोठा असतो. काका मूळ नाशिकचे, अंगाने काडी, एका कंपनीत कागदपत्रं लावायच्या कामावर. पण इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात ते माइकसमोर उभे राहिले की ज्या पोरांना मराठी अर्धंच कळतं, तीसुद्धा मान वर करून ऐकायची. तरुणपणी रेडिओच्या परीक्षेला बसले होते, घेतलं नाही. "आवाज पास झाला, वशिला नापास झाला," एवढंच सांगायचे आणि विषय बदलायचे.

मी महाडकडचा, नववीतून शाळा सोडलेला. इथे आलो तेव्हा गिऱ्हाइकाचा फोन वाजला की उचलायला नको वाटायचं. बाई इंग्रजीत काय विचारेल, मी काय सांगू. काकांनी मला खाटेवर समोर बसवून पढवलं. ते स्वतः बाई व्हायचे. "हॅलो, माय एसी इज मेकिंग साउंड," अगदी नाजूक आवाजात. मी घाबरून "यस मॅडम, यस मॅडम" करायचो.

"यस मॅडम नंतर. आधी थांब. घाईत बोलणाऱ्यावर कोणी विश्वास ठेवत नाही."

आज कंपनीत माझ्या हाताखाली माणसं आहेत, ती त्या नाजूक बाईमुळे. हे उपकार मी विसरलेलो नाही, म्हणून पुढचं सांगताना जपून सांगतो.

आवाजाचं काम त्यांना नेटवरून मिळालं. कुठलीतरी एजन्सी, पलीकडून एक मॅडम फार नम्रपणे मेल लिहायची. चीनबद्दलचे व्हिडिओ, मराठीत वाचायचे. सुरुवातीला दऱ्यांवरचे पूल, बोगद्यातून सुटणारी रेल्वे, चहाचे डोंगर. आम्ही तिघं ते बघायचो. रफिकभाई म्हणायचे, "रस्ता बघा काय आहे. आमच्या घाटात एवढ्यात ट्रक आडवा झाला असता."

हळूहळू मजकूर बदलला. एक हुकूम सुटला की तिथला राखीव सैनिक कारखान्यातून थेट छावणीत कसा हजर होतो. मालाच्या जहाजांवर रणगाडे कसे चढतात. एकही गोळी न झाडता, नुसत्या कॉम्प्युटरवरून शेजारच्या देशाची वीज, बँका, फोन कसे बंद पाडता येतात. आणि शेवटी, यांच्यापुढे उभं राहून उपयोग काय, असं हळूच सुचवलेलं.

माझा धाकटा भाऊ फौजेत. वर बर्फात, चीनच्या हद्दीकडे. मी विचारलं, "काका, हे खरं आहे का?"

"अरे, आपण वाचणारे. खरंखोटं लिहिणारा बघेल."

पण ते नुसते वाचणारे नव्हते, तिथेच तर सगळं घडलं. मजकूर यायचा मशीनमधून काढलेल्या मराठीत. तो वाचताना काकांना घासात खडा लागल्यासारखं व्हायचं. "शत्रूची दळणवळण यंत्रणा निष्क्रिय केली जाईल. ही काय भाषा झाली? माझ्या मावशीला कळेल का?" मग पेन्सिल घेऊन बसायचे, खोडायचे, मोठ्याने बोलून बघायचे. त्या दिवशी त्यांनी त्या वाक्याच्या जागी घातलं, "सीमेवरच्या पोराला घरून फोन लावाल, तर तो लागणार नाही. आणि का लागत नाही, ते तुम्हाला कोणी सांगणार नाही."

आम्हाला वाचून दाखवलं. रफिकभाईंनी मान डोलावली. "याला म्हणतात बोलणं." मीही हो म्हटलं. वाक्य चांगलंच होतं.

नंतर एका शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, काका कांदा चिरत होते, रफिकभाई सुरमई साफ करत होते. गावाहून आयेचा फोन आला.

"धाकट्याचा फोन नाय आला."

"वर बर्फ असला की टॉवर नसतो, आये. दर साली होतं."

"या टायमाला तसा नाय. चीनवाल्यांनी मुद्दाम बंद केलाय. मोबाईलवर सांगितलाय."

मागून धाकट्याच्या बायकोने फोन घेतला. "भाऊजी, आई जेवत नाहीत. नुसत्या चहावर आहेत. तो व्हिडिओ परत परत लावायला सांगतात. तुम्हाला पाठवते, बघा."

मी तो लावला. "नमस्कार मंडळी."

रफिकभाईंच्या हातातली सुरी थांबली. मी घाईने बंद करायला गेलो तर काका म्हणाले, "असू दे. पूर्ण ऐकू दे."

आवाज पाठवला की काकांचं काम संपायचं. वर कुठली चित्रं चढवतात ते बघणं आम्ही केव्हाच सोडलं होतं. बर्फात एक रिकामी चौकी होती, खाली कसलंसं घुमणारं संगीत, आणि त्यावर ते वाक्य आलं. खोलीत ऐकलं होतं त्यापेक्षा फारच चांगलं वाटत होतं. तेच वाईट होतं.

काकांनी गॅस बंद केला. हात साबणाने धुतले, पुसले आणि मला परत आयेला फोन लावायला सांगून तो हातात घेतला.

"आई, मी तुमच्या मुलाच्या खोलीत राहतो. त्या व्हिडिओतला आवाज माझा आहे."

आये म्हणाली, "तुमी मिल्ट्रीत हाव?"

"नाही हो. मी ऑफिसात कागद लावतो."

"मग फोन लागनार नाय, ह्या तुमाला कसा म्हाईत?"

"माहीत नव्हतं. ते वाक्य मी मनानं घातलं. ऐकायला चांगलं वाटलं म्हणून."

"चांगलाच वाटला," आये म्हणाली. "असा आवाज असलेला मानूस उगाच कशाला सांगेल, असा वाटला मला."

काकांनी खूप समजावलं. टॉवर, बर्फ, असले व्हिडिओ भीती घालायला बनवतात, सगळं. सावकाश, थांबून थांबून. आयेने ऐकून घेतलं आणि सांगितलं, "बरा. त्याचा फोन आला की जेवीन."

आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा आवाज कामाला आला नव्हता. मग गॅस परत पेटवला, सुरमई केली, खाल्ली.

काकांनी मॅडमला मेल केला, हा व्हिडिओ काढा. उत्तर लगेच आलं, अत्यंत नम्र. एकदा दिलेला व्हिडिओ काढता येत नाही, आणि सोबत पुढचा मजकूर. तो त्यांनी उघडला नाही. मग एसी चालू ठेवूनच, गोधडीशिवाय, स्वतःचा एक व्हिडिओ केला. मी अमुक वाचलं, त्यातलं हे वाक्य माझं, त्यावर विश्वास ठेवू नका. मंडळाच्या ग्रुपवर टाकला. लोकांनी जोडलेल्या हातांची, अंगठ्यांची चित्रं टाकली. पुढे कोणी पाठवला नाही. भीतीचा व्हिडिओ गावोगाव जातो, माफीचा जागेवरच बसतो.

ऑफिसातून आले की काका बूट काढायच्या आधी विचारायचे, "आला का?" मी मान हलवायचो. दिवसभर शिडीवर उभा असताना माझंही लक्ष खिशातल्या मोबाईलवर असायचं. रफिकभाई म्हणायचे, "इन्शाल्ला, आज." मग एका दुपारी धाकट्याचा फोन आला. "टॉवरचा जनरेटर बंद होता रे," एवढंच बोलला, आणि आये जेवली का असं विचारलं. मी काकांना ऑफिसात फोन केला. पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

त्यानंतर दर शुक्रवारी काकांनी आयेला फोनवरून बातम्या वाचून दाखवायचा पायंडा पडला. पाणी किती आलं, एसटी कुठे बंद, कुठला पूल झाला. आये मध्येच थांबवायची.

"यात तुमी घातलेला काय हाय?"

"काही नाही, आई."

"बरा. वाचा."

पुढे कंपनीने माणसं कमी केली, काका नाशिकला परतले. तिथूनही वाचायचे. गेल्या वर्षी त्यांच्या मुलीचा मेसेज आला, बाबा झोपेतच गेले. मी ते आयेला सांगितलं. म्हणाली, "मानूस वाईट नव्हता. आपल्याच आवाजाच्या मागं जायचा."

परवा दोह्याबाहेर मेसईदला कंपनीच्या क्वार्टर्समध्ये एसीचं काम होतं. परतीच्या बसमध्ये माझ्या मागच्या सीटवरून काका बोलले, "नमस्कार मंडळी." वळून पाहिलं, तर कामाच्या कपड्यातला एक माणूस, मोबाईल अगदी डोळ्यांशी धरलेला. तोच व्हिडिओ कोणीतरी नव्या नावाने परत टाकला होता.

"भाऊ, कोण आहे तुमचं फौजेत?"

"पुतण्या. नवीनच भरती झालाय." मग संशयाने, "का?"

"हा आवाज माझ्या खोलीतल्या माणसाचा. फोनबद्दलचं ते वाक्य त्यांनी मनानं घातलं होतं. मी समोर बसलो होतो."

"तुम्ही कोण?"

"मी एसीवाला. तुम्ही घरी फोन लावून विचारा ना, पुतण्याचा फोन येतो का."

त्याने माझ्याकडे बघतच नंबर लावला. रिंग जात राहिली. पलीकडून बाईचा आवाज आला, "काय हो, आज लवकर?" त्यांचं त्यांना बोलू द्यावं, म्हणून मी पुढे तोंड करून बसलो.